कारंज्याच्या जुन्या जिनिंगमध्ये

कारंजा लाडला माणूस बहुधा दत्तभक्तीनं येतो. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, त्यामुळे गुरुमंदिराच्या रस्त्यावर पेढे, नारळ आणि पादुकांच्या फोटोंची दुकानं कायम उघडी. उरलेले येतात ते जैन मंदिरं बघायला. मी तिसऱ्याच कामासाठी आलो होतो. रिक्षावाल्याला म्हटलं, "जुन्या जिनिंगवर चला."

"कापूस विकाचा हाये का?"

"नाही, इमारत बघायची आहे."

त्यानं आरशातून मला नीट न्याहाळलं. "इमारत? तिथं तं काईच नाई जी. चिमणी हाये फकत."

वऱ्हाडातल्या कुठल्याही कापूसगावात शिरताना ही चिमणी दिसते. मूर्तिजापूर, दर्यापूर, खामगाव, कुठंही जा. वस्तीच्या कडेला विटांचं एक उंच धुराडं, वर पिंपळाचं रोप आणि खाली गंजलेल्या पत्र्यांची लांबट छपरं. आपण देऊळ, किल्ला, वाडा बघायला शंभर किलोमीटर जातो. पण ज्या इमारतीनं या मुलखाचा दीडशे वर्षांचा पैसा घडवला, तिच्यासमोरून नाकाला रुमाल लावून पुढं जातो. मला ती आत जाऊन बघायची होती, आणि तीही वाशीम जिल्ह्यातली. अमरावती-अकोल्याच्या कापसाबद्दल भरपूर लिहून झालं आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या वाट्याला मात्र 'मागास' या शब्दापलीकडे फारसं काही येत नाही.

कारंजा तसं जुनं व्यापारी गाव. भोवती तट होता. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावंच सांगतात की इथून माल कुठं जायचा. कुणा व्यापाऱ्यानं कस्तुरीचा अख्खा तांडा विकत घेऊन ती हवेलीच्या बांधकामात कालवली, अशी एक दंतकथा गावात अजून चवीनं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण स्वतःबद्दल अशी बढाई मारायला गावाकडे पैसा असावा लागतो, आणि तो होता. काष्ठासंघाच्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीव काम बघितलं की त्याची खात्री पटते. मी तिथं अर्धा तास घालवला. त्यावर लिहिणारे खूप आहेत, म्हणून इथं थांबतो.

इंग्रजांच्या काळात त्या पैशाचं रूप बदललं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार त्यांच्याकडे गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांची रुई तुटली आणि सगळ्यांची नजर इथल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये तर खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात कापसाच्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन करायला आला. कारंजा मुख्य मार्गापासून तीसेक किलोमीटर आत, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले गेले. हीच ती शकुंतला. किलिक निक्सन कंपनीची ही गाडी मँचेस्टरात बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावत होती. आता ती बंद आहे. रुळांत तरोटा माजलाय आणि स्टेशनच्या फलाटावर दुपारी शेळ्या बसतात.

जिनिंग उभी राहते ती बहुधा स्टेशन आणि बाजाराच्या मधोमध, कारण इथं सगळा हिशोब वजनाचा आहे. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३ ते ३५ किलो. बाकी सरकी आणि थोडा कचरा. दोन तृतीयांश वजन जर सरकीचंच, तर ते मुंबईपर्यंत कशाला वाहायचं? सरकी इथंच काढा, तिची ढेप इथल्या ढोरांना घाला आणि नुसती रुई दाबून पाठवा. कारखाना शेताजवळ येतो तो असा.

आवाराच्या फाटकाशी मला एक मिस्त्री भेटले. वय सत्तरीच्या पुढं, खांद्यावर दुपट्टा, बोटांत वंगणाची काळी रेघ कायमची मुरलेली. वडील इथंच इंजिनावर होते. ते स्वतः फिटर, नंतर प्रेसवर हेड. मालकांचे वारस नागपुरात, जागेचा वाद चालू, म्हणून इमारतीचं आणि त्यांचं नाव मी इथं देत नाही. सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात, मीही म्हटलं.

"पाहा, पण आंधी विडी-काडी असंन तं फाटकावर ठेवा," ते म्हणाले. कारखान्यात बोंडभरही कापूस नव्हता. तरी नियम म्हणजे नियम.

आत शिरल्यावर आधी दिसतं ते मोठं मोकळं पटांगण, दगडी फरसबंदीचं. इथं कापसाच्या बंड्या सुटायच्या. वाटेल ती इमारत वाटेल तिथं बांधलेली नाही, हे पाच मिनिटांत कळतं. एका टोकाला बॉयलर आणि चिमणी, त्यांच्या पाठीशी इंजिनघर, मग जिनघर, मग मोकळी जागा, मग प्रेसघर, पुन्हा मोकळी जागा आणि सगळ्यात लांब गाठींचं गोदाम. मधल्या या मोकळ्या जागांना कुणी अंगण समजेल. त्या आगीसाठी सोडलेल्या आहेत. रुईला एकदा ठिणगी लागली की ती वरून विझते आणि आतून धुमसत राहते. शिवाय ठिणगी फक्त चिमणीतून येते असं नाही. कापसात एखादा खडा आला आणि यंत्राच्या पात्याला घासला, तरी पुरे. म्हणून जिनघर जळालं तरी प्रेसघर वाचावं, आणि प्रेसघर जळालं तरी तयार गाठी वाचाव्यात, असं हे अंतर. दर कोपऱ्यावर पाण्याचा हौद आहे. एकात आता कुणीतरी वांगी लावली आहेत.

जिनघर लांबट आणि बसकं. भिंती खाली काळ्या दगडाच्या, वर विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. दारांना लाकडावर लोखंडी पत्रा ठोकलेला, तोही आगीसाठीच. छपराच्या मधोमध सबंध लांबीभर दुसरं छोटं छप्पर उचललेलं, आणि दोन्हींच्या मध्ये जाळीच्या खिडक्या. उजेड वरून येतो, कारण कापसाच्या धुळीत दिवा लावायची सोय नव्हती. त्याच वाटेनं रुईची भुकटी बाहेर जायची. जायची म्हणजे, जेवढी जाईल तेवढी. बाकीची कामगारांच्या नाकात. तुळयांवर अजून तिचा करडा थर आहे आणि हात लावला की तो कापडासारखा सोलून निघतो.

यंत्रं भंगारात गेलीत. एक तेवढं शिल्लक आहे, तेही गंजल्यामुळे जागचं हलत नाही म्हणून. मिस्त्रीकाकांनी त्याच्या चामडी रुळावर हात ठेवून सगळं समजावलं. चामड्याच्या चकत्या दांड्यात गच्च ओवून हा रूळ करतात. त्याच्या खरखरीत अंगाला कापसाचे तंतू चिकटतात आणि रुळाबरोबर ओढले जातात. समोर एक पातं रुळाला जवळपास टेकलेलं असतं. तंतू त्या फटीतून जातात, सरकी जाऊ शकत नाही. दुसरं पातं वर-खाली हलतं आणि अडकलेल्या सरकीला टपली मारून पाडतं. सरकी खाली, रुई पुढं. एवढंच! फोन्स मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसानं १८४० मध्ये ही युक्ती काढली. अमेरिकेत दातेरी करवतीची जिन जास्त चालली, पण आपल्याकडचा कापूस याच रुळावर राहिला आणि आजच्या जिनिंगमध्येही तत्त्व हेच आहे. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी अशी यंत्रं हिंदुस्थानात ढिगानं पाठवली. सुरुवातीच्या रुळांना वॉलरसचं कातडं लावत. ध्रुवाकडच्या समुद्रातल्या जनावराचं कातडं वऱ्हाडातल्या बोंडांची सरकी काढत होतं, हे वाचलं तेव्हा मला काही वेळ हसूच आवरलं नाही.

पण मी इमारतीबद्दल बोलत होतो. सरकी खाली पडते, म्हणजे खाली जागा हवी. म्हणून यंत्रं जमिनीवर न ठेवता पुरुषभर उंच ओट्यावर दोन ओळींत बसवली. ओट्याच्या पोटात बोगदा काढला. बोगद्यातून इंजिनघरापासून निघालेला लांब लोखंडी शाफ्ट जायचा, त्यावर पुल्या आणि पुल्यांवरून वरच्या प्रत्येक यंत्राला चामडी पट्टा. एका इंजिनावर सगळी ओळ चालायची. आम्ही त्या बोगद्यात उतरलो. वाकूनच चालावं लागतं. छताला पट्ट्यांसाठी ठेवलेल्या फटींतून उजेडाचे चौकोन खाली पडले होते आणि प्रत्येक फटीची एकच कड झिजून गुळगुळीत झाली होती, पट्टा ज्या बाजूला घासायचा ती. कुठल्या यंत्राचा पट्टा सैल होता तेसुद्धा मिस्त्रीकाकांनी त्या झिजेवरून सांगितलं. "हा नेमी पडे. माहे वडील म्हनत, ह्या यंत्रात भूत हाये."

वर ओट्यावर प्रत्येक यंत्रामागं फरशीला थोडा खोलगटपणा आहे. तिथं कापूस घालणाऱ्या बाया उभ्या असत. घरून आणलेला डबा आणि तान्हं मूल बाहेरच्या लिंबाखाली, आणि ह्या इथं पदरानं नाक बांधून पाळीभर उभ्या. इतिहासात मालकांची नावं राहिली, मिस्त्र्यांचीही एखादी आठवण राहते. या बायांचा पुरावा म्हणजे फरशीतले हे खळगे.

जिनघराला दोन दारं आहेत, एकमेकांच्या विरुद्ध टोकांना. एकातून कापूस आत, दुसऱ्यातून रुई बाहेर. मला वाटलं सोयीसाठी. अर्थात सोय आहेच, पण त्यामागं कायदाही आहे. मुंबईच्या आणि विलायतेच्या बाजारात ओरड होती की हिंदुस्थानी गाठीत माती निघते, पाणी मारलेली रुई निघते, चांगल्या मालात हलका मिसळलेला असतो. म्हणून १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि क्रमांक घालणं त्यानं सक्तीचं केलं, म्हणजे लबाडी निघाली तर कुणाच्या दारात जायचं ते कळेल. त्याच कायद्यात बांधकामाचीही कलमं आहेत. नव्या जिनघराला कापूस येण्याची आणि रुई जाण्याची वाट वेगळी हवी आणि प्रेसघराची जमीन फरसबंद हवी, म्हणजे मातीवरची रुई पुन्हा गाठीत जाणार नाही. घराची दारं कुठं असावीत हे आपल्याकडे एरवी वास्तुशास्त्रवाले सांगतात. इथं ते लिव्हरपूलच्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीनं ठरवलं.

प्रेसघर मात्र उंच. आवारात चिमणीखालोखाल तेच नजरेत भरतं. त्याच्या उंचीचं कारण वर चढल्यावर समजतं. रुई वरच्या मजल्यावर आणायची, जमिनीतल्या चौकोनी तोंडातून खोल पेटीत टाकायची, माणसांनी पेटीत उतरून ती पायांनी तुडवायची, पुन्हा टाकायची, पुन्हा तुडवायची. पेटी भरली की दार लावून पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या तिला दाबायचा. मग तागाचं कापड, लोखंडी पट्ट्या, आणि खालच्या मजल्यावर गाठ बाहेर. दट्ट्याच्या नळकांड्यासाठी जमिनीखाली तेवढाच खोल खड्डा. म्हणजे ही इमारत जितकी वर आहे जवळजवळ तितकीच खाली. खड्ड्यात आता पाणी साचलंय आणि बेडूक आहेत.

तेव्हाची गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे अर्धी खंडी. ७८४ पौंडांची मुंबई खंडी गेली, पौंड गेले, किलो आले, गाठ १७० किलोंची झाली. तरी रुईचा भाव व्यापारी अजून खंडीवरच बोलतात, ३५६ किलोंच्या. टीव्हीवरही तसाच सांगतात.

त्या वरच्या मजल्यावर उभं असताना मला इंग्लंडातल्या केंट परगण्यातली ओस्ट हाउस आठवली, चित्रांत आणि पुस्तकांत पाहिलेली. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं वाळवायची ती घरं. आपल्याकडे हॉप्स म्हणजे हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात होतात तेवढीच. ही फुलं तोडल्यावर काही तासांत भट्टीवर गेली नाहीत तर बिघडतात, म्हणून भट्टी शेतातच हवी. खाली जाळ, वर फटींच्या फळ्यांची जमीन, तिच्यावर घोड्याच्या केसांचं विणलेलं कापड, त्यावर फुलांचा थर. वाफ वर जायला शंकूसारखं छप्पर आणि टोकावर वाऱ्याबरोबर फिरणारी लाकडी टोपी. एकोणिसाव्या शतकात गोल भट्ट्यांची लाट आली, कारण गोलात ऊब सारखी पसरते असं लोकांना वाटलं. नंतर चौकोनीही तेच काम करते असं दिसलं आणि पुन्हा चौकोनी बांधू लागले. गंमत पुढं आहे. वाळलेली फुलं शेजारच्या माळ्यावर गार करत. माळ्याच्या जमिनीला भोक असे, भोकातून लांब पोतं खाली लोंबतं ठेवत आणि एक माणूस पोत्यात उतरून फुलं पायांनी तुडवत असे. पुढं त्याचीही यंत्रं आली. केंटच्या त्या माणसाला कारंज्याच्या पेटीत उतरवला असता तर त्याला काही शिकवावं लागलं नसतं.

दोन्हीकडे आर्किटेक्ट कुणी नाही. पीक हलकं आणि फुगीर, ते दूर न्यायचं, म्हणून वरून टाकायचं नि खाली दाबायचं. यातून दोन मुलखांत तीच दुमजली युक्ती निघाली. फरक पडला तो नंतर. केंटमधल्या भट्ट्या विझल्या तेव्हा लोकांनी त्यांच्यात घरं केली. आज गोल खोलीत राहायला तिथं चांगले पैसे मोजतात आणि कित्येक ओस्ट सरकारी यादीत संरक्षित आहेत. आमच्याकडे जिनिंग थंडावली की पहिला भंगारवाला येतो आणि दुसरा प्लॉट पाडणारा.

थंडावण्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. खासगी खरेदी बंद झाली आणि जिनिंगवाले मजुरीवर सरकारी कापसाची सरकी काढू लागले. शेतकऱ्याला हमी मिळाली, चुकारे लांबले. दोन्ही खरं आहे. तीस वर्षांनी ती योजना आटोपली. मधल्या काळात जुन्या कारखान्यांत कुणी पैसा घातला नव्हता. २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन आलं आणि नव्या जिनिंग महामार्गाला लागून पत्र्याच्या एकाच प्रचंड शेडमध्ये उभ्या राहिल्या. तिथं कापूस पंख्याच्या हवेनं नळ्यांतून उडत जातो, तुडवणारी माणसं लागत नाहीत. आणि जिल्ह्यानं पीकच बदललं. आता वाशीम सोयाबीनचा जिल्हा आहे. पऱ्हाटी दिसते ती मुख्यतः कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या बाजूला.

दुसऱ्या दिवशी रिसोडकडे गेलो. तिकडं हळद आहे. शेतातच शिजवायचा बॉयलर होता, चाकांवरचा, आज या शेतात, उद्या त्या. पिंपातून वाफाळलेल्या हळकुंडांचा ढीग ताडपत्रीवर पसरला होता आणि बांधापर्यंत मातकट, उग्र वास. चांगलं पीक, चांगला पैसा, पण इमारत नाही. ऊन, ताडपत्री आणि भाड्याचं यंत्र. सांगलीजवळ हरिपूरला हळदीनं जमिनीखालची पेवं तरी मागितली होती, पण २००५ च्या महापुरानं त्यांचीही दैना केली. इथल्या हळदीनं काहीच मागितलं नाही. सोयाबीननंही नाही. पन्नास वर्षांनी या पिकांची खूण म्हणून काय दाखवणार? कापूस हा या मातीतला इमारत बांधून घेणारा शेवटचा ऐवज होता असं माझं मत झालं आहे, आणि ते खोडून काढणारं कुणी भेटलं तर मला आनंदच होईल.

परतताना पुन्हा कारंज्यात थांबलो. मिस्त्रीकाकांना विचारलं, "काका, हे सगळं राहील का?"

"चिमणी राहीन," ते म्हणाले. "पाडाचा खर्च लय येते."

चिमणी जगवायचं कारण म्हणून हे वाईट नाही, पण चिमणीनं काही कळत नाही. कळतं ते ओटा, बोगदा, दोन दारं आणि प्रेसचा खड्डा यांवरून, आणि प्लॉट पडले की आधी हेच बुजवले जातात. या आवारांना राज्य संरक्षित स्मारकं वगैरे करा असं मी म्हणत नाही. तेवढा पैसा आणि धीर कुणाकडे नाही, हे मला कळतं. पण अमरावतीत आणि नागपुरात वास्तुकलेची महाविद्यालयं आहेत. दरवर्षी त्यांची मुलं मोजमापाच्या आराखड्यांसाठी वाडे आणि देवळं शोधत हिंडतात. त्यांच्या मास्तरांनी एक वर्ष वऱ्हाडातल्या जुन्या जिनिंग मोजायला घ्याव्यात. आडवा छेद काढावा, बोगद्याची उंची टिपावी, शाफ्टची रेषा कुठून कुठं जायची ते मिस्त्री जिवंत आहेत तोवर विचारून घ्यावं. नगरपालिकेनं बांधकाम परवाना देण्याआधी निदान फोटो मागावेत. याला अनुदान लागत नाही.

आणि तुम्ही समृद्धी महामार्गानं जात असाल तर कारंज्याला उतरा. गुरुमंदिरात जा, काष्ठासंघाचं लाकूडकाम बघा, मग एक तास जिनिंगसाठी ठेवा. पावसाळ्यात नको, बोगद्यात पाणी असतं. दिवाळीनंतर या. फाटकावर आधी विचारा. विडी-काडी बाहेर ठेवावी लागते.